साइटवरच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं एआय कशाला वापरावं आणि कशाला नाही

मी पुण्यात निवासी इमारतींच्या बांधकामावर प्रोजेक्ट मॅनेजर आहे. हाताखाली साइट इंजिनिअर आहेत, एक प्लॅनिंग इंजिनिअर आहे, बिलिंग बघणारा एक मुलगा आहे. अलीकडे या सगळ्यांचा आणि इतर साइटवरच्या ओळखीच्या लोकांचाही एकच प्रश्न असतो : "मॅडम, एआय शिकलं तर पगार वाढेल का? आणि नाही शिकलं तर नोकरी जाईल का?" घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. म्हणून मी स्वतः काय करते आणि माझ्या टीमला काय शिकवते, ते इथे लिहिते आहे.

पगार आपल्याला कशाचा मिळतो, तिथून सुरुवात करू. गार्टनर या संशोधन कंपनीनं २०१९ मध्येच अंदाज वर्तवला होता की २०३० पर्यंत प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधली ८० टक्के कामं एआय करेल. तेव्हा चॅटजीपीटी बाजारात यायला तीन वर्षांहून जास्त अवकाश होता. आकडा बाजूला ठेवा, कोणती कामं म्हटली होती ते बघा : माहिती गोळा करणं, प्रगतीची नोंद ठेवणं, रिपोर्टिंग. आपल्या भाषेत डीपीआर (रोजच्या प्रगतीचा रिपोर्ट), साप्ताहिक रिपोर्ट, एमआयएस (व्यवस्थापनाला जाणारी माहिती), मीटिंगचे मिनिट्स, पत्रव्यवहार. ज्या प्रोजेक्ट मॅनेजरचा दिवस साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये बसून यातच जातो, त्याची किंमत घसरणार, आणि ते मी कोणालाही तोंडावर सांगते. ज्याला हे काम पाऊण तासात उरकून उरलेला वेळ स्लॅबवर घालवता येतो, त्याची किंमत वाढते. कारण स्लॅबवर जे दिसतं ते कंटेनरमधल्या संगणकाला दिसत नाही.

डीपीआरपासून सुरुवात करा

कोणतं टूल घ्यायचं यावर आठवडा घालवू नका. कंपनीनं दिलं असेल ते वापरा. मायक्रोसॉफ्टचं कोपायलट असो, चॅटजीपीटी असो की जेमिनाय, आपल्या कामासाठी फरक फार नाही. फरक पडतो तो तुम्ही त्याला काय देता आणि काय बजावता यानं.

आमच्या साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर मराठी-हिंदी मिसळून मेसेज पडत असतात. उदाहरणार्थ, एका दिवसाचे बी विंगचे मेसेज असे असू शकतात (सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेला साचा आणि आधार, सरिया म्हणजे लोखंडी सळ्या, काँटा म्हणजे वजन) :

सकाळी ९:१० : ७व्या स्लॅबचं सेंट्रिंग ८० टक्के. कारपेंटर १४.
दुपारी १२:४० : सरिया का गाड़ी आया, काँटा बाकी है.
दुपारी ४:०५ : बीम बॉटम झाले, साइड बाकी. कारपेंटर ११.

हे एआयला नुसतं देऊन "डीपीआर बनव" म्हटलं, तर तो सुबक डीपीआर देईल. त्यात "सेंट्रिंगचं काम पूर्णत्वाकडे" असं काहीतरी लिहिलेलं असेल, कारपेंटर १४ असतील, आणि सरियाचं वजनही कुठूनतरी उगवलेलं असू शकेल. म्हणून आमची सूचना अशी असते :

"खाली आजचे साइट ग्रुपवरचे मेसेज आहेत. यातून बी विंगचा डीपीआर बनव. रकाने असे : ठिकाण, काम, किती झालं, ठेकेदार आणि माणसं, काय अडलं, कशामुळे. मेसेजमध्ये नसलेला एकही आकडा लिहू नकोस, तिथे 'साइटवर विचारा' असं लिही. प्रत्येक ओळीपुढे ती कितीच्या मेसेजवरून घेतली ती वेळ दे. दोन मेसेज एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही दाखव, स्वतः एक निवडू नकोस. शेवटी 'विसंगती' असा वेगळा परिच्छेद कर."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. एआय विसंगतीत लिहितो : सकाळी कारपेंटर १४, दुपारी ११. आता प्रोजेक्ट मॅनेजरचं काम सुरू होतं. तीन कारपेंटर जेवणानंतर गेले कुठे? ए विंगला गेले असतील तर आपल्याच इंजिनिअरनं हलवले का? आणि ठेकेदारानं शेजारच्या दुसऱ्या बिल्डरच्या साइटवर नेले असतील, तर उद्या पाच जातील आणि शुक्रवारचा स्लॅब सोमवारवर जाईल. त्याच संध्याकाळी मुकादमाला फोन करणारा मॅनेजर कंपनीचे तीन दिवस वाचवतो. नुसता डीपीआर पुढे पाठवणाऱ्याची जागा आता कोणीही घेऊ शकतं.

आणखी एक करा. साइटवरच्या शब्दांची यादी एकदा बनवून प्रत्येक वेळी सूचनेसोबत द्या : गाडी म्हणजे ट्रान्झिट मिक्सर की ट्रक, खोलणं म्हणजे शटरिंग काढणं, कव्हर म्हणजे काय, कोणत्या ठेकेदाराला ग्रुपवर कोणत्या नावानं ओळखतात. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे निम्मे घोळ टळतात.

मिनिट्स : इथे जास्त जपून

साप्ताहिक मीटिंगचं रेकॉर्डिंग एआयला देऊन मिनिट्स काढणं आता सोपं आहे. रेकॉर्डिंग चालू आहे हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा आणि कोणाची हरकत असेल तर बंद करा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात आलं की मजकुरात चुका होतात, म्हणून ग्रिड नंबर, मजला आणि तारखा कानांनी पुन्हा ऐका.

खरी गोम वेगळीच आहे. स्लॅबमधून पाइप जायला आधीच बसवायच्या नळ्यांबद्दल, म्हणजे स्लीव्हबद्दल, प्लंबिंगच्या ठेकेदाराला तुम्ही विचारता, "आठव्या स्लॅबचे स्लीव्ह बुधवारपर्यंत लागतील ना?" तो म्हणतो, "बघतो मॅडम, होऊन जाईल." एआय लिहितो : "प्लंबिंग ठेकेदार बुधवारपर्यंत स्लीव्ह बसवेल." त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की त्यानं शब्द दिलेला नाही. त्याच्याकडे पाइप आलेलाच नाही आणि मागचं बिल अडकलं आहे, म्हणून तो चाचरतो आहे. मिनिट्समध्ये मात्र ते वचन होऊन बसतं. तीन महिन्यांनी उशिराचं खापर कोणावर फोडायचं यावर वाद झाला की तोच कागद पुढे येतो. दुसऱ्या बाजूनंही हेच होतं. बिल "बघून घेऊ" असं तुम्ही म्हणालात, की कागदावर तुम्ही पेमेंट कबूल केलेलं असतं.

म्हणून आमच्या मिनिट्समध्ये दोन वेगळे रकाने असतात : "मागणी" आणि "कबुली". कबुलीत फक्त तेवढंच जातं जे माणसानं तारखेसकट स्वतःच्या तोंडानं सांगितलं. एआयला तसं स्पष्ट बजावलेलं असतं. तरीही मी मीटिंग संपायच्या आधी कबुलीचा रकाना मोठ्यानं वाचून दाखवते. त्या पाच मिनिटांत निम्म्या तारखा बदलतात, आणि बदललेल्या तारखा खऱ्या असतात.

करारनामा वाचून घेणं

करारनामा, विशेष अटी, टेंडरची उत्तरं, पत्रव्यवहार मिळून कित्येक शे पानं होतात. सगळं कोणी वाचत नाही, हे उघड गुपित आहे. इथे एआयची मदत खरोखर मोठी आहे. "ड्रॉइंग उशिरा मिळाल्यामुळे मुदतवाढ मागायची आहे, नोटीस किती दिवसांत द्यावी लागते?" असं विचारा. पण उत्तर असं मागा : कलम क्रमांक, पान क्रमांक आणि कलमातलं वाक्य जसंच्या तसं. मग ते पान उघडा आणि स्वतः वाचा.

का, ते सांगते. फिडिक या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रेड बुक या नमुना करारात, १९९९ च्या आवृत्तीतल्या कलम २०.१ मध्येही आणि २०१७ च्या आवृत्तीतल्या २०.२.१ मध्येही, दाव्याची नोटीस २८ दिवसांत द्यावी लागते. जगभर हा करार वापरात असल्यामुळे एआयच्या तोंडी २८ पटकन येतं. तुमच्या करारात मात्र विशेष अटींमध्ये ७ दिवस लिहिलेले असू शकतात, आणि विशेष अट सर्वसाधारण अटीवर मात करते. मोघम विचारलंत तर मोघम जगाचं उत्तर मिळेल आणि तुमचा हक्क आठव्या दिवशी गेलेला असेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात दाखल केले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. वकिलांची ही गत होते, तर आपण पान उघडायचा कंटाळा करून चालणार नाही.

करारनामा स्कॅन केलेला असेल तर आणखी सावध राहा. तिरपं स्कॅन झालेल्या बीओक्यूच्या (कामं, परिमाणं आणि दर यांच्या यादीच्या) तक्त्यात एका ओळीचा दर दुसऱ्या आयटमला चिकटतो. दर आणि परिमाणं मी एआयच्या हातून कधीच घेत नाही, एक्सेलमधूनच घेते.

पत्राचा मसुदा मात्र त्याच्याकडून जरूर करून घ्या. ज्यांना इंग्रजी पत्र लिहायला अर्धा दिवस लागायचा, अशा उत्तम इंजिनिअरांना यानं किती बळ दिलं आहे ते मी पाहते आहे. जिल्ह्याच्या गावातून डिप्लोमा करून आलेला, स्लॅबवर वाघ असलेला मुलगा केवळ इंग्रजीमुळे मागे राहायचा. आता तो मुद्दे मराठीत बोलतो, तारखा आणि ड्रॉइंगचे रिव्हिजन नंबर सांगतो, आणि कन्सल्टंटला जाणारं पत्र कोणाच्याही तोडीस तोड असतं. एआयमुळे कोणाची किंमत वाढली असं मला कोणी विचारलं, तर मी आधी याच मुलांकडे बोट दाखवेन.

शेड्यूल : इथे एआयवर विसंबू नका

हार्वर्डच्या संशोधकांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. एआयला झेपणाऱ्या कामांत, ते वापरणाऱ्यांनी १२.२ टक्के जास्त कामं केली आणि २५.१ टक्के लवकर केली. पण जे काम वरून तसंच दिसत होतं आणि प्रत्यक्षात एआयच्या आवाक्याबाहेरचं होतं, तिथे ते वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के बिंदूंनी कमी निघालं. आपल्या धंद्यात ती सीमारेषा शेड्यूलमध्ये आहे.

एआयला सांगा, "१४ मजल्यांच्या इमारतीचं आठ दिवसांच्या स्लॅब सायकलचं वेळापत्रक दे." तो देईल, दर आठ दिवसांनी एक स्लॅब, दिसायला निर्दोष. आता काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक, आयएस ४५६:२०००, समोर ठेवा. उभं शटरिंग (कॉलम, भिंती यांच्या बाजूचा साचा) १६ ते २४ तासांनी काढता येतं. स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी निघतात, पण टेकू लगेच परत लावायचे. बीमच्या तळाचं शटरिंग ७ दिवसांनी, तेही टेकू परत लावून. स्लॅबचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी, तापमान १५ अंशांच्या खाली नसताना आणि क्युरिंग नीट होत असतानाचे आहेत. फ्लायॲश किंवा स्लॅग असलेल्या काँक्रीटला स्ट्रक्चरल कन्सल्टंट मुदत वाढवू शकतो, आणि ती त्याच्याकडून लेखी घ्यायची.

आता हिशोब करा. पहिला स्लॅब आज पडला. गाळे ४.५ मीटरच्या वरचे आहेत, म्हणजे त्याचे टेकू चौदाव्या दिवसापर्यंत अडकले. आठव्या दिवशी दुसरा स्लॅब पडला, त्याचे टेकू बाविसाव्या दिवसापर्यंत अडकले. तिसरा स्लॅब सोळाव्या दिवशी टाकायचा, तर त्याचं सेंट्रिंग नवव्या-दहाव्या दिवशी उभं राहायला हवं. तेव्हा पहिले दोन्ही सेट खालीच आहेत. म्हणजे टेकूंचे दोन सेट पुरत नाहीत, तिसऱ्याचा बराचसा भाग लागतो. ठेकेदारानं दोनच सेटचा भाव दिला असेल, तर एआयचं ते आठ दिवसांचं सायकल फक्त कागदावर आहे. त्याहून वाईट म्हणजे ते गाठायला कोणीतरी नवव्या दिवशी टेकू काढेल. ही चूक माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून तिथे मला कोणाचीच घाई चालत नाही.

हे एआयला कळत नाही असं मी म्हणत नाही. नेमकं विचारलं तर तो हाच हिशोब करूनही दाखवेल. पण विचारायचं सुचावं लागतं, आणि ते ज्याला सुचतं त्यालाच प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात.

मग शेड्यूलमध्ये त्याचा उपयोग काय? प्रश्न काढायला. आमचा बार चार्ट एमएसपीमध्ये (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये) बनतो, तारखांचं गणितही तिथेच होतं. तो तयार झाला की त्यातली कामांची यादी एआयला देऊन मी विचारते : "यात कोणती कामं राहिली आहेत? कोणत्या कामाआधी कोणती मंजुरी किंवा ड्रॉइंग लागेल? पावसाळा, दिवाळी, छठ आणि होळी या काळात कोणती कामं येतात?" बिहार-उत्तर प्रदेशातले कारागीर छठला आणि होळीला गावी जातात, मराठवाड्यातली माणसं पेरणीच्या आणि काढणीच्या वेळी. हे तुम्ही सांगितलंत तर तो नीट जुळवून देतो. उत्तरातले काही प्रश्न निरुपयोगी असतात, पण त्यात एखादा लिफ्टच्या खड्ड्याच्या वॉटरप्रूफिंगसारखा निघतो, जो खरोखर कोणी लिहिलेला नसतो.

काय देऊ नये

२०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि त्यानंतर कंपनीनं अशा टूलवर बंदी घातली. आपल्याकडे सोर्स कोड नसतो, पण फ्लॅटधारकांची यादी असते, कामगारांची आधार कार्डं असतात, ठेकेदारांचे दर असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं लोकांच्या माहितीची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. स्वतःच्या मोबाइलवरच्या फुकट खात्यात यातलं काहीही टाकू नका. कंपनीचं खातं नसेल तर नावं, फोन नंबर आणि दर काढूनच मजकूर द्या. वरिष्ठांकडून याचं धोरण लेखी मागून घ्या. मागणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही.

सहीचंही तेच. महारेराच्या प्रकल्पात दर तिमाहीला प्रगती भरावी लागते, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांची प्रमाणपत्रं अनुक्रमे फॉर्म १, २ आणि ३ मध्ये असतात. फॉर्मसाठी तुम्ही पुरवलेला टक्का एआयनं डीपीआरवरून काढलेला असेल, तर तो चालत नाही. प्रत्येक मजल्यावर जाऊन मोजलेला टक्काच लिहायचा. त्या आकड्यावर कोणाचं तरी कर्ज आणि घराचा ताबा अवलंबून असतो.

मुलाखतीत आणि पगाराच्या बोलणीत

बायोडेटात "एआयची जाण" असं लिहून काही होत नाही, सगळेच लिहितात. पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेचा प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीचा जनरेटिव्ह एआयचा प्राथमिक कोर्स फुकट आहे, तो करा, शब्द कळतात. पण मुलाखतीला जाताना कामाचा एक नमुना न्या. मला सगळ्यात पटतो तो अडथळ्यांच्या नोंदवहीचा : कोणतं ड्रॉइंग कधी मागितलं, कधी आलं, किती दिवस काम थांबलं, पुरावा कोणता मेसेज. जुने मेसेज एआयकडून चाळून अशी नोंदवही उभी करता येते, मग प्रत्येक नोंद मूळ कागदाशी ताडून बघायची. मुदतवाढीच्या दाव्यात हिची किंमत लाखांत असते, आणि मालकाला ती लगेच कळते. नमुन्यातली कंपनीची आणि माणसांची नावं मात्र आधी काढून टाका.

मी स्वतः मुलाखत घेताना उमेदवारापुढे एआयनं लिहिलेला डीपीआर आणि त्या दिवसाचे मूळ मेसेज ठेवते, आणि त्यात काय चुकलं आहे ते शोधायला सांगते. ज्यांनी हातानं डीपीआर लिहिले आहेत त्यांचं बोट बरोबर जागेवर जातं. म्हणून माझ्याकडे नवीन येणारे इंजिनिअर पहिले सहा महिने डीपीआर आणि पोअर कार्ड (काँक्रीट ओतण्याच्या वेळची तपासणीची नोंद) स्वतः लिहितात, एआयशिवाय. मुलं कुरकुरतात, ऑफिसातूनही विचारणा होते. तरी मी हे बदलणार नाही. क्यूब (चाचणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे) भरताना कधी उभाच न राहिलेला इंजिनिअर २८ दिवसांच्या चाचणीतला संशयास्पद आकडा ओळखणार कसा?

शेवटची एक सवय. तुमच्या चांगल्या सूचना चॅटमध्ये हरवू देऊ नका. आम्ही त्या एका सामायिक फाइलमध्ये ड्रॉइंगसारख्याच रिव्हिजन नंबर देऊन ठेवतो : आर ०, आर १, आर २. प्रत्येक रिव्हिजनपुढे तारीख, कोणी बदललं आणि कोणती चूक आढळली म्हणून बदललं, हे लिहितो. डीपीआरच्या सूचनेत "दोन मेसेज जुळत नसतील तर दोन्ही दाखव" हे वाक्य आर २ मध्ये आलं. माणूस साइट सोडून गेला तरी फाइल राहते, आणि नवीन इंजिनिअरला ती वाचायला दिली की आपल्या कामात काय काय चुकू शकतं याची यादी त्याच्या हातात पडते.